रोलँड एस. हॉवर्ड : एकल अल्बम दोनच, मग तीस वर्षे हा माणूस करत काय होता?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याने योगायोगाने ‘पॉप क्राइम्स’ हा अल्बम ऐकला आणि त्यातल्या आवाजाने व गिटारने तो झपाटून गेला. पुढे शोध घेतल्यावर त्याला दिसले, की रोलँड एस. हॉवर्ड या ऑस्ट्रेलियन गायक-गीतकाराच्या नावावर १९९९ आणि २००९ असे दोनच एकल अल्बम आहेत. बाकी सगळे काम कोणाच्या तरी बँडमध्ये नाहीतर कोणाच्या तरी जोडीने झालेले आहे. एवढ्या कुवतीचा माणूस जन्मभर दुसऱ्यांच्या सावलीत राहिला असे म्हणायचे का, आणि हे विखुरलेले काम ऐकायला सुरुवात कुठून करायची, असे त्याचे दोन प्रश्न आहेत.

आधी मी कोणत्या जागेवरून बोलतो आहे ते सांगतो. पूर्वी मी बँडमध्ये गिटार वाजवत असे आणि आता बरीच वर्षे ध्वनिमुद्रण व मिक्सिंग हाच माझा व्यवसाय आहे. त्यामुळे कोणताही अल्बम हातात आला, की मुखपृष्ठावरच्या नावाआधी माझी नजर मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांकडे जाते : शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणते वाद्य कोणी वाजवले, मिक्स, म्हणजे वेगवेगळ्या मुद्रित आवाजांचा मेळ, कोणी केला. हॉवर्डसारख्या माणसाची कारकीर्द समजून घ्यायची तर ही सवय फार उपयोगी पडते. मुखपृष्ठावरची नावे मोजली तर ‘दोन अल्बम’ हे उत्तर येते. बारीक अक्षरे वाचली तर ते उत्तर टिकत नाही.

खरी अडचण मोजण्याच्या पद्धतीत आहे. रॉक संगीत ऐकणारा माणूस गृहीत धरतो, की जो गातो त्याचेच गाणे असते. वास्तविक मराठी श्रोत्याला हे गृहीतक परके वाटायला हवे, कारण आकाशवाणीवर भावगीत लागायचे तेव्हा गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे वेगवेगळी सांगितली जात आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नसे. हॉवर्डच्या बाबतीत हेच तीन प्रश्न वेगळे विचारा आणि त्यात चौथ्याची भर घाला : त्या मुद्रणाचा एकूण ध्वनी कोणामुळे तसा झाला आहे? ही चार उत्तरे एकाच नावाशी येऊन थांबतील असे नाही, आणि ती जिथे वेगळी होतात तिथेच हा माणूस नीट दिसू लागतो.

त्याचे सर्वांत प्रसिद्ध गाणे हे याचे पहिले उदाहरण आहे. हॉवर्डचा जन्म २४ ऑक्टोबर १९५९ रोजी मेलबर्नमध्ये झाला. ‘शिव्हर्स’ हे गाणे त्याने सोळाव्या वर्षी लिहिले आणि ‘द यंग शार्लटन्स’ या आपल्या अल्पायुषी बँडमध्ये ते वाजवले. १९७८ मध्ये तो ‘द बॉइज नेक्स्ट डोअर’ या बँडमध्ये गेला तेव्हा निक केव्ह हा गायक, गिटारवादक मिक हार्वी, बासवादक ट्रेसी प्यू आणि ड्रमवादक फिल कॅल्व्हर्ट हे चौघे तिथे आधीपासून होते. त्यांच्या ‘डोअर, डोअर’ या १९७९ च्या अल्बममध्ये ‘शिव्हर्स’ अगदी शेवटी येते आणि ते केव्ह गातो. कोवळ्या वयातली माणसे आपल्या किरकोळ प्रेमभंगाचा जो गाजावाजा करतात, त्याची टर उडवावी हा हॉवर्डचा लिहितानाचा हेतू होता. केव्हने मात्र ते सरळ, गंभीर विरहगीत म्हणून गायले आणि लोकांनीही तसेच ऐकले. त्यात आत्महत्येचा उल्लेख असल्यामुळे काही रेडिओ केंद्रांनी ते लावण्यास नकार दिला, तरीही गाणे मागे पडले नाही. १९८६ च्या ‘डॉग्ज इन स्पेस’ या मेलबर्नच्या पंक वर्तुळावरील चित्रपटात ते मेरी हॉयच्या आवाजात आले आणि १९९० च्या दशकात ‘द स्क्रीमिंग जेट्स’ या ऑस्ट्रेलियन बँडने ते पुन्हा गाऊन लोकप्रिय केले.

म्हणजे सोळा वर्षांच्या मुलाने लिहिलेले गाणे तिघाचौघांच्या तोंडी पोहोचले आणि प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याने ते गाणाऱ्याच्या खात्यावर जमा केले. याला सावलीत राहणे म्हणायचे की गीतकार म्हणून यशस्वी होणे, हे तुम्ही कोणत्या बाजूने पाहता त्यावर ठरेल. व्यवहाराच्या बाजूने सांगायचे तर गाणे दुसऱ्याने गायले तरी गीतकाराचा हक्क अबाधित असतो, मात्र दुसऱ्याच्या मुद्रणात गिटार वाजवणाऱ्याला बहुधा त्या दिवसाच्या मानधनापलीकडे काही मिळत नाही. हॉवर्डने ही दोन्ही कामे भरपूर केली, आणि त्यांचा हिशेब एकत्र केल्यामुळेच त्याच्याविषयी बोलताना गोंधळ होतो.

आता गिटारकडे येतो, कारण चौथ्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे. त्याची आयुष्यभराची गिटार म्हणजे पांढरी फेंडर जॅग्वार. ही गिटार १९६२ मध्ये बाजारात आली, १९७५ मध्ये तिचे उत्पादन थांबले आणि त्यानंतर काही काळ ती जुन्या बाजारातले दुर्लक्षित वाद्य होती. तिच्या तारांची लांबी नेहमीच्या फेंडरपेक्षा कमी, स्वर धारदार आणि किंचित कोरडा. ती तो फेंडरच्याच ट्विन रिव्हर्ब या अॅम्पला, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला, जोडत असे. हा मोठा, जोरकस अॅम्प आवाज बराच वाढवला तरी स्वच्छ राहतो, त्यामुळे आवाजातला फाटकेपणा अॅम्पमधून न येता पायाखालच्या पेडलमधून, म्हणजे पायाने चालू-बंद करायच्या, स्वर बदलणाऱ्या छोट्या पेटीतून येतो. बहुतेक रॉक गिटारवादक अॅम्पलाच कढ आणतात आणि मग आवाज जाड होऊन मधली सगळी जागा व्यापतो. हॉवर्डचा आवाज पातळ आणि तीक्ष्ण राहतो. मिक्सिंगच्या टेबलावर बसणाऱ्याच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे, कारण गायकाच्या आवाजाला लागणारा पट्टा मोकळा राहतो आणि गिटार त्याच्या वरच्या बाजूने कापत जाते.

त्याच्या पेडलांपैकी ‘ब्लू बॉक्स’ हे एमएक्सआर कंपनीचे पेडल विशेष आहे. तुम्ही वाजवलेल्या स्वराला ते फाटका तर करतेच, शिवाय त्याच्या दोन सप्तके खालचा एक गुरगुरता स्वर त्याला जोडते. ज्याने हे पेडल वापरले आहे त्याला ठाऊक असते, की दोन तारा एकदम छेडल्या तर त्याचा गोंधळ उडतो : कोणत्या स्वराखाली जायचे ते त्याला कळत नाही आणि आवाज अडखळत, थुंकल्यासारखा बाहेर पडतो. म्हणून सावध वादक एकेक तारच छेडतो. हॉवर्डच्या वादनात हा अडखळणारा आवाज जागोजागी मुद्दाम घडवून आणलेला ऐकू येतो आणि तो कुठे हवा व कुठे नको याविषयी त्याचे कान अत्यंत नेमके होते. १९८० च्या ‘द फ्रेंड कॅचर’ या गाण्याची सुरुवात हेडफोन लावून ऐका. तिथे गिटार आणि अॅम्प यांच्यातला फीडबॅक, म्हणजे अॅम्पचा आवाज गिटारमध्ये परत शिरून उठणारा लांब किंचाळा, हाच वाद्यमेळाचा पहिला स्वर आहे. फीडबॅक सुरू करणे सोपे असते, अॅम्पसमोर उभे राहिले की झाले. तो हवा तितकाच वेळ धरून ठेवणे आणि हवा तिथे सोडणे हे मात्र अंगाच्या हालचालीचे कसब आहे, कारण पाऊलभर सरकले तरी स्वर बदलतो.

१९८० मध्ये ही मंडळी लंडनला गेली आणि ‘द बर्थडे पार्टी’ या नावाने वाजवू लागली. ‘प्रेयर्स ऑन फायर’ (१९८१) आणि ‘जंकयार्ड’ (१९८२) हे दोन अल्बम या काळातले. या बँडविषयी सहसा केव्हच्या रंगमंचावरील थैमानाबद्दल लिहिले जाते, आणि ते थैमान खरेही होते. पण मला १९८२ मधली एक घडामोड अधिक महत्त्वाची वाटते. तोवर बँडमध्ये दोन गिटार होत्या. हार्वी गाण्याची चौकट धरून ठेवत असे आणि त्यामुळे हॉवर्डला त्या चौकटीवर ओरखडे काढण्याची मोकळीक होती. त्या वर्षी ड्रमवादक कॅल्व्हर्टला वगळण्यात आले, हार्वी ड्रमवर बसला आणि गिटार एकटी उरली. वाद्यमेळातून एक गिटार काढली की सामान्य वादक ती पोकळी भरायला धावतो. हॉवर्डने ती तशीच राहू दिली. बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत मुद्रित झालेली १९८३ ची ‘द बॅड सीड’ ही ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी तबकडी, ‘जंकयार्ड’च्या पाठोपाठ ऐकली, तर हा फरक सहज लक्षात येतो. बास आणि ड्रम पुढे येतात, गिटार कितीतरी वेळ गप्प असते, आणि वाजते तेव्हा वाक्य पुरे करून पुन्हा गप्प होते.

हा माणूस इतक्या जणांना साथीला हवा का होता, याचे उत्तर माझ्या मते इथे आहे. गायकासाठी जागा सोडूनही स्वतःची ओळख न पुसू देणारा गिटारवादक दुर्मीळ असतो. स्टुडिओत मला भेटणाऱ्या वादकांत दोन प्रकार नेहमीचे आहेत : काही जण इतके नम्र असतात, की त्यांच्या जागी दुसऱ्या कोणी वाजवले तरी कळणार नाही, आणि काही जण गायकाला ऐकूच येऊ देत नाहीत. हॉवर्ड या दोन्हींत बसत नाही. चार सेकंदांत तो ओळखू येतो आणि तरीही गाणे गाणाऱ्याचेच राहते.

याच काळात त्याच्या शब्दांना मात्र बँडमध्ये जागा कमी होत गेली. ‘प्रेयर्स ऑन फायर’मध्ये त्याचे लेखन आहे आणि ‘हो-हो’ हे गाणे तो स्वतः गातो. ‘जंकयार्ड’मध्ये ‘सेव्हरल सिन्स’ त्याचे आहे, पण ते केव्ह गातो. अखेरच्या दोन ईपींपर्यंत शब्दांचा कारभार बहुतांशी केव्हकडे गेला होता. केव्हला स्वतःचे लेखन सापडले होते आणि दुसऱ्याचे शब्द गाणे त्याला जड जाऊ लागले होते. ‘म्युटिनी’ या शेवटच्या ईपीत ‘आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन’ या बर्लिनच्या बँडचा ब्लिक्सा बार्गेल्ड एका गाण्यात गिटार वाजवतो, आणि पुढे केव्हच्या नव्या बँडमध्ये गिटारची जागा त्याच्याकडे गेली. १९८३ मध्ये बर्थडे पार्टी संपली. दोन लिहिणारी माणसे आणि गाणारा एक, अशी रचना असलेले बँड मी जवळून पाहिले आहेत. भांडणे वरवर कशावरूनही होवोत, शेवटी मुद्दा एकच असतो : माझे शब्द कोण गाणार? इथे तरी मला कोणी खलनायक दिसत नाही.

हॉवर्डच्या जोडीकामाला बँड मोडण्यापूर्वीच सुरुवात झाली होती. न्यूयॉर्कच्या ‘नो-वेव्ह’ या प्रयोगशील, कर्कश रॉकच्या वर्तुळातली गायिका लिडिया लंच आणि तो यांनी १९८२ मध्ये ‘सम व्हेल्व्हेट मॉर्निंग’ हे नॅन्सी सिनात्रा आणि ली हेझलवूड यांचे १९६७ चे युगलगीत पुन्हा गायले. मूळ गाण्यात पुरुषाचा भाग चार मात्रांच्या चालीत आणि स्त्रीचा भाग तीन मात्रांच्या चालीत आहे, त्यामुळे दोघे एकमेकांशी बोलत नसून एकाच खोलीत वेगवेगळी स्वप्ने पाहत आहेत असे वाटते. हॉवर्डचा सपाट, काहीसा नाकातला आवाज या रचनेत विलक्षण शोभतो. बर्थडे पार्टीमध्ये या आवाजाला वाव नव्हता. जोडीत तो मिळाला. म्हणून सहकार्याला मी त्याच्या बाबतीत तडजोड म्हणणार नाही. गायक म्हणून तो उभा राहिला तो आधी दुसऱ्या आवाजाच्या शेजारी.

लंचबरोबरचे ‘हनीमून इन रेड’ हे काम मात्र जोडीकामाची दुसरी बाजू दाखवते. १९८२-८३ च्या सुमारास बर्थडे पार्टीच्या मंडळींसह मुद्रित झालेले हे साहित्य पुढे नव्याने मिक्स होऊन १९८७ मध्ये बाहेर आले आणि केव्ह व हार्वी यांनी त्यावर आपली नावे नकोत असे सांगितले. अनेकांच्या सहभागाने झालेले काम वर्षानुवर्षे पडून राहिले, की ते कोणाचे हे ठरवणे अवघड होते. मी स्वतः अशा कामात उतरण्याआधी मूळ ट्रॅक कोणाकडे राहणार आणि अंतिम मिक्सला कोणाची संमती लागणार, हे कागदावर लिहून घेतो. लंच आणि हॉवर्ड यांची जोडी १९९१ च्या ‘शॉटगन वेडिंग’ या अल्बममध्ये पुन्हा जमली आणि ते काम कितीतरी अधिक एकजिनसी आहे.

१९८५ मध्ये हॉवर्ड ‘क्राइम अँड द सिटी सोल्युशन’ या बँडमध्ये गेला. इथे सायमन बॉनी गात असे, हार्वी पुन्हा सोबत होता आणि हॉवर्डचा भाऊ हॅरी बास वाजवत असे. पुढे ‘स्वेल मॅप्स’ या इंग्लिश बँडचा एपिक साउंडट्रॅक्स ड्रमवर आला. १९८६ चा ‘रूम ऑफ लाइट्स’ हा अल्बम या संचाचा. विम वेंडर्स या जर्मन दिग्दर्शकाच्या ‘विंग्ज ऑफ डिझायर’ (१९८७) या बर्लिनमध्ये घडणाऱ्या चित्रपटात हा बँड ‘सिक्स बेल्स चाइम’ वाजवताना दिसतो. ज्यांना हॉवर्ड वाजवताना कसा दिसे हे पाहायचे असेल, त्यांनी तो प्रसंग जरूर पाहावा. त्याच चित्रपटात पुढे केव्ह आपल्या नव्या बँडसह येतो, त्यामुळे एका फुटलेल्या बँडची दोन टोके एकाच कथेत सामावली गेली आहेत.

आता प्रश्नातल्या आकड्याकडे वळतो. क्राइममधून हॉवर्ड बंधू आणि एपिक साउंडट्रॅक्स बाहेर पडले आणि जेनेव्हीव्ह मॅकगकिन या कीबोर्डवादक सहकारिणीसह त्यांनी ‘दीज इम्मॉर्टल सोल्स’ हा बँड चालवला. ‘गेट लॉस्ट (डोन्ट लाय!)’ हा त्यांचा अल्बम १९८७ मध्ये आणि ‘आय अॅम नेव्हर गॉना डाय अगेन’ १९९२ मध्ये आला. या बँडचा गायक हॉवर्ड आहे, गिटार त्याची आहे आणि गीतलेखनाची सूत्रेही त्याच्याच हाती आहेत. मुखपृष्ठावर त्याचे नाव नाही, एवढ्याच कारणाने हे दोन अल्बम एकल यादीतून गळतात. माझ्या हिशेबाने ज्यांत त्याचे लेखन, त्याचा आवाज आणि त्याचा ध्वनी हे तिन्ही एकत्र येतात असे अल्बम चार आहेत, आणि त्यांखेरीज लंचबरोबरची व निकी सडनबरोबरची जोडीची कामे आहेत. सडन हा एपिक साउंडट्रॅक्सचा भाऊ. त्याच्यासोबतचा ‘किस यू किडनॅप्ड शाराबँक’ हा १९८७ चा अल्बम आहे. त्याच वर्षीच्या जेरेमी ग्लक या गायकाच्या ‘आय न्यू बफेलो बिल’ या अल्बममध्येही हीच मंडळी भेटतात. एकाच वर्षात इतकी नावे पाहिली, की हा माणूस बेकार बसला होता हा समज आपोआप दूर होतो.

मात्र पोकळ्या होत्या, आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. १९९२ ते १९९९ आणि १९९९ ते २००९ या दोन्ही अंतरांत त्याच्या स्वतःच्या गाण्यांचा अल्बम आला नाही. हेरॉइनचे व्यसन हे त्यामागचे एक जाहीर कारण आहे. त्याच्यावर २०११ मध्ये रिचर्ड लोवेनस्टीन आणि लिन-मरी मिलबर्न यांनी केलेल्या ‘ऑटोल्युमिनेसंट’ या माहितीपटातही त्याविषयी मोकळेपणाने बोलले गेले आहे. पण सगळे खापर व्यसनावर फोडणे मला पटत नाही. ज्याचे वादन सर्वांना हवे असते आणि ज्याची स्वतःची गाणी थोड्यांनाच ठाऊक असतात, अशा वादकाला दुसऱ्याच्या कामाचे बोलावणे तयार असते. स्वतःच्या अल्बमसाठी स्टुडिओचे पैसे, कंपनी आणि सवड मात्र स्वतःच जमवावी लागते. निर्व्यसनी, शिस्तीच्या वादकांचेही अल्बम याच कारणाने वर्षानुवर्षे रेंगाळताना मी पाहिले आहेत. हॉवर्डच्या बाबतीत कोणते कारण किती टक्के, हे बाहेरून ठरवता येणार नाही.

१९९० च्या दशकाच्या मध्यास तो मेलबर्नला परतला. ‘टीनेज स्नफ फिल्म’ हा १९९९ चा अल्बम तिथल्या बर्डलँड स्टुडिओत लिंडसे ग्रॅव्हिना या निर्मात्याबरोबर झाला. ड्रमवर पुन्हा मिक हार्वी आणि बासवर ‘द बीस्ट्स ऑफ बर्बन’चा ब्रायन हूपर. मला विचाराल तर हा त्याचा सर्वोत्तम अल्बम आहे, आणि ‘पॉप क्राइम्स’ आवडलेल्या माणसाला हे मत कदाचित रुचणार नाही. त्यात बिली आयडल या रॉक गायकाचे ‘व्हाइट वेडिंग’ आहे. मूळ गाण्यातली उसळी काढून टाकून हॉवर्ड ते असे गातो, की लग्नाच्या निमंत्रणाऐवजी धमकी ऐकल्यासारखे वाटते. दुसऱ्याचे गाणे घेऊन त्याचा अर्थ फिरवण्याची ही कला ‘शिव्हर्स’च्या उलट दिशेने चालते : तिथे त्याचा उपहास दुसऱ्याने गंभीरपणे गायला होता. शेवटचे ‘स्लीप अलोन’ हे लांबलचक गाणे अखेरीस गिटारच्या कल्लोळात शिरते आणि बराच वेळ तिथेच राहते. हा भाग कमी आवाजात ऐकू नका. कल्लोळाच्या आत स्वरांची चढउतार आहे आणि ती आवाज वाढवल्यावरच कानाला सापडते.

‘पॉप क्राइम्स’ तुम्ही ऐकलाच आहे, म्हणून त्यावर थोडेच लिहितो. स्टुडिओ तोच, निर्माता तोच, ड्रमवर हार्वीच, आणि बास व इतर वाद्यांसाठी जे. पी. शायलो. अल्बम ऑक्टोबर २००९ मध्ये आला. हॉवर्डला तेव्हा यकृताचा कर्करोग होता आणि ३० डिसेंबर २००९ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी तो गेला. हे ठाऊक झाल्यावर अल्बममधली प्रत्येक ओळ मृत्यूविषयीचीच वाटू लागते, आणि तिथे थोडे सावध राहावे असे माझे मत आहे. अशा ओळी तो विशीतही लिहीत असे. मुद्रणात मला जे ऐकू येते ते वेगळे आहे : आवाज पूर्वीपेक्षा खोल आणि थकलेला आहे, पण गिटारमध्ये घाईगडबड कुठेही नाही. ‘टॉक टॉक’ या बँडचे ‘लाइफ्स व्हॉट यू मेक इट’ त्याने इथे घेतले आहे. मूळ गाणे पियानोच्या एका ठाम आवर्तनावर उभे आहे. इथे तसेच आवर्तन बासकडे जाते आणि गिटार त्याभोवती घिरट्या घालत राहते.

ऐकण्याचा क्रम कसा ठेवायचा हे तुम्ही कोण आहात यावर अवलंबून आहे. गाण्यातील शब्द आणि मनोवस्था यांसाठी ऐकणार असाल तर ‘पॉप क्राइम्स’नंतर थेट ‘टीनेज स्नफ फिल्म’ घ्या, मग दीज इम्मॉर्टल सोल्सचे दोन अल्बम, आणि बर्थडे पार्टी सगळ्यांत शेवटी ठेवा. ते संगीत कर्कश आहे आणि आधी ऐकले तर पुढचे ऐकण्याची इच्छाच मरू शकते. तुम्ही गिटार वाजवत असाल तर उलटे करा : ‘द फ्रेंड कॅचर’, मग ‘जंकयार्ड’, लगेच ‘द बॅड सीड’, आणि तिथून ‘रूम ऑफ लाइट्स’. दोन गिटारांमधला, मग एकट्या गिटारचा, आणि मग दुसऱ्याच गायकामागचा हॉवर्ड असे तीन टप्पे या क्रमात सलग मिळतात. स्वतः गाणी लिहिणाऱ्याने मात्र ‘शिव्हर्स’ची वेगवेगळ्या लोकांनी गायलेली रूपे एका बैठकीत ऐकावीत आणि मग हॉवर्डने घेतलेली इतरांची गाणी मूळ गाण्यांशेजारी ठेवून पाहावीत. टाउन्स व्हॅन झँट या अमेरिकन गायक-गीतकाराचे ‘नथिंग’ हे त्यासाठी उत्तम उदाहरण आहे, कारण मूळ गाण्यात एक माणूस आणि एक गिटार यापलीकडे फारसे काही नाही.

कोणताही क्रम घेतला तरी मिक हार्वीचे नाव कुठे कुठे येते याकडे लक्ष ठेवा. १९७८ पासून २००९ पर्यंत, केव्हशी फारकत झाल्यानंतरही, हा एक माणूस हॉवर्डच्या कामात पुन्हा पुन्हा उगवतो : कधी दुसरी गिटार, कधी ड्रम, कधी ऑर्गन. सावलीत राहणे म्हणजे काय हे तपासायचे असेल तर हार्वीचीही कारकीर्द ताडून पाहा. हॉवर्डबद्दल जो प्रश्न तुम्हाला पडला तो हार्वीबद्दल कोणालाच पडत नाही, कारण हार्वीने पुढे उभे राहण्याचा हट्ट फारसा धरला नाही. हॉवर्डकडे आवाज होता, शब्द होते आणि रुबाबही होता, म्हणून त्याने मधोमधच उभे राहायला हवे होते असे आपण परस्पर ठरवून टाकतो.

वरच्या क्रमांत न आलेली एक गोष्ट राहिली. मेलबर्नच्या ‘एचटीआरके’ या तरुण बँडचा ‘मॅरी मी टुनाइट’ हा अल्बम २००९ मध्ये आला आणि त्याच्या निर्मात्यांत ग्रॅव्हिनाबरोबर हॉवर्डचे नाव आहे. त्याच बँडची गायिका जोनीन स्टँडिश ‘पॉप क्राइम्स’च्या पहिल्याच गाण्यात त्याच्याबरोबर गाते. तुम्ही झपाटला गेलात तो अल्बम एका युगलगीताने सुरू होतो, हे बहुधा तुमच्याही लक्षात आले असेल. ‘मॅरी मी टुनाइट’मध्ये हॉवर्डचा स्वतःचा आवाज शोधू नका. बास आणि ड्रम यांच्यामध्ये किती मोकळी जागा ठेवली आहे ते ऐका आणि लगेच ‘द बॅड सीड’ पुन्हा लावा.